मॉडेल ७० वर मोठ्या बोअरची रायफल: .४१६ रिग्बी, .४१६ रेमिंग्टन, .४०४ जेफ्री की .४५८ लॉट?

ह्यूस्टनकर

नमस्कार मंडळी. झिंबाब्वेत, झांबेझी खोऱ्यात, केप बफेलोच्या परवान्याच्या शिकारीचं पक्कं होत आलंय. त्यासाठी रायफल बांधून घ्यायची आहे. समोर दोन पर्याय आहेत.

पहिला: विंचेस्टर मॉडेल ७०, .३७५ एच अँड एच, वापरलेली. नख्याचा लांब एक्स्ट्रॅक्टर (केस पकडून बाहेर ओढणारा भाग) असलेली कंट्रोल्ड फीडवाली. ॲक्शन (रिसीव्हर आणि बोल्टची यंत्रणा) ठेवायची आणि नळी बदलायची.
दुसरा: सीझेड ५५० मॅग्नम, फॅक्टरीतूनच .४१६ रिग्बी. ती घेऊन फक्त साफसूफ करायची.

काडतुसं मी स्वतः भरतो, आजवर .३०० विन मॅग आणि .३३८ ची. प्रश्न असे:

१. शीर्षकातल्या चार काडतुसांत खरा फरक किती? कागदावर तर सगळे सारखेच दिसतात.
२. मॉडेल ७० वर रिग्बी बसते का? इथे एक जण ‘बसते’ म्हणतो, दुसरा हात जोडतो.
३. वजन आणि नळीची लांबी किती धरू?
४. धक्का. याबद्दल कुणी खरं बोलत नाही, म्हणून मुद्दाम विचारतोय.

---

लेथवाला_प्रिटोरिया

काडतूस आधी ठरवून मग ॲक्शन शोधायची ही उलटी रीत आहे. तुमच्या हातात कुठली ॲक्शन येणार, त्यावर ऐंशी टक्के निर्णय आपोआप होतो. रेड्याच्या दृष्टीने ४०० ग्रेनची (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचं माप) चांगली गोळी सेकंदाला २,३०० फुटांनी आली काय आणि २,४०० नी आली काय, काडीचा फरक नाही. फरक पडतो तो बोल्टच्या तोंडाला, मॅगझीनच्या पेटीला आणि रेल्सना, म्हणजे काडतुसं वरून धरून ठेवणाऱ्या कडांना.

मापं बघा, सगळी इंचांत:

.३७५ एच अँड एच: रिम .५३२, भरलेल्या काडतुसाची लांबी ३.६०
.४१६ रेमिंग्टन मॅग्नम: रिम .५३२, लांबी ३.६०
.४५८ लॉट: रिम .५३२, लांबी ३.६०
.४०४ जेफ्री: रिम .५४३, लांबी ३.५३
.४१६ रिग्बी: रिम .५९०, लांबी ३.७५

पहिले तीन एकाच घरातले. एच अँड एच ची पूर्ण लांबीची केस हे त्यांचं मूळ. म्हणजे तुमच्या मॉडेल ७० वर रेमिंग्टन किंवा लॉट करताना बोल्टचं तोंड तसंच राहतं, एक्स्ट्रॅक्टर तोच, पेटीची लांबी तीच. रेल्स आणि फॉलोअरवर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) थोडा हात फिरवावा लागतो, कारण एच अँड एच ची केस निमुळती आहे आणि ही दोन्ही अंगाने भरलेली. पण ते एका दुपारचं काम.

त्यातही एक सोपी वाट आहे जी फार थोडे लोक विचारात घेतात: नळी बदलूच नका. सध्याची .३७५ ची नळी जाड असेल तर ती रीबोअर करून, म्हणजे आतलं भोक मोठं करून, .४१६ ची करता येते. दोन्ही केसची लांबी २.८५० आहे, आणि रेमिंग्टनचा खांदा एच अँड एच पेक्षा बराच रुंद आहे (.४८७ विरुद्ध .४४८). त्यामुळे नवा रीमर (चेंबर कापायचं हत्यार) जुनं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, पूर्ण खाऊन टाकतो, खुणा उरत नाहीत. नळीवरची मागची दृष्टी, माशी (पुढची दृष्टी), पट्ट्याची कडी सगळं जागच्या जागी. नळीचं स्टील थोडं कमी होतं, तेवढं वजन उतरतं, एवढं लक्षात ठेवा.

आता रिग्बी. मॉडेल ७० वर ‘बसते’ म्हणणारा खोटं बोलत नाही, पण बसवू नये. बोल्टचं तोंड .५३२ वरून .५९० करायचं म्हणजे भोवतीच्या कडेचं स्टील जातं आणि एक्स्ट्रॅक्टर नवा लागतो. पेटी लांब करायला रिसीव्हरची पुढची उतरण (काडतूस चेंबरकडे चढतं तो उतार) पुढे सरकवावी लागते, आणि ती उतरण बोल्टच्या खालच्या लगच्या (बोल्टला अडकवणाऱ्या दाताच्या) टेकूच्या अगदी मागे असते. तिथलंच स्टील खरवडून जास्त धक्क्याचं काडतूस वापरायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. रिग्बी हवीच असेल तर सीझेड ५५० घ्या. ती ॲक्शन मुळातच त्या मापाची आहे.

पेटीच्या रुंदीचं गणित माउझरच्या काळापासून चालत आलंय. दोन ओळींत, एकाआड एक बसणाऱ्या काडतुसांसाठी पेटीची आतली रुंदी म्हणजे काडतुसाचा व्यास गुणिले १.८६६. एच अँड एच च्या बेल्टला, म्हणजे केसच्या बुडाजवळच्या उंच कड्याला, (.५३२) ०.९९३ इंच लागते, .४०४ च्या बुडाला (.५४४) १.०१५, रिग्बीला (.५८९) १.०९९. पेटी अरुंद असेल तर काडतुसं एकावर एक चढतात आणि अडकतात. रुंद असेल तर वरचं काडतूस मधोमध तरंगतं आणि बोल्टखालून उसळून बाहेर पडतं. हेच गणित खांद्याच्या व्यासालाही लावायचं, म्हणून चांगली पेटी पुढे निमुळती असते. ‘पेटी कशी केलीत?’ हा प्रश्न कारागिराला विचारा. तो आकडे सांगू लागला तर काम द्या. ‘होतं सगळं ॲडजस्ट’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

---

केस_पितळेची

लेथवाल्यांशी सहमत, मी भरणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

रिग्बी १९११ ची, रेमिंग्टन १९८८ ची, आणि दोघांची कामगिरी जवळपास तीच: ४०० ग्रेन, साधारण २,४०० फूट प्रतिसेकंद, ५,१०० फूट-पौंड, म्हणजे ६,९०० ज्यूलच्या आसपास. फरक आहे तो दाबात. रिग्बीच्या केसमध्ये पाणी मावतं सुमारे १३० ग्रेन, रेमिंग्टनमध्ये सुमारे १०७. लहान भांड्यात तेवढंच काम करायचं म्हणजे दाब वाढणारच. अमेरिकी सामी मानकात रेमिंग्टनची कमाल मर्यादा ६५,००० पीएसआय, रिग्बीची ५२,०००. युरोपच्या सीआयपी मानकात रिग्बी ३,२५० बार, म्हणजे ४७,००० पीएसआयच्या जरा वर.

हे आकडे कशाला सांगतोय? उन्हासाठी. झांबेझी खोऱ्यात ऑक्टोबरमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलेलं काडतूस त्याहून कितीतरी गरम होतं. काही दारू तापमानाला फार संवेदनशील असतात. ह्यूस्टनमध्ये जानेवारीत कमाल दाबावर जुळवलेला लोड तिथे मर्यादा ओलांडतो, आणि केस चेंबरला घट्ट चिकटते. समोर जखमी रेडा आणि बोल्ट उचलत नाही, यापेक्षा वाईट काही नाही. रिग्बीची केस मोठी ठेवली ती याचसाठी: कॉर्डाइट या जुन्या दारूच्या जमान्यात, उष्ण प्रदेशात, केस सहज बाहेर यावी म्हणून.

याचा अर्थ रेमिंग्टन वाईट असा नाही. तिला शेवटच्या फुटापर्यंत पिळू नका, एवढंच. २,४०० ऐवजी २,३०० ते २,३५० वर थांबा, तापमानाला स्थिर असलेली दारू निवडा, आणि अंतिम लोड भर उन्हाळ्यात, टेक्सासच्या जुलैत, तपासा. बोल्ट दोन बोटांनी उचलला गेला पाहिजे.

बेल्टबद्दल. .४१६ रेमिंग्टन कागदावर बेल्टवर हेडस्पेस होते, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये पुढे जाताना बेल्टवर अडतं. फॅक्टरी काडतुसाचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून बराच मागे असू शकतो, त्यामुळे पहिल्याच बाराला केस बेल्टच्या जरा पुढे ताणली जाते. मग डाय (केसला परत मापात आणणारा साचा) शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली घेऊन दर वेळी खांदा परत मागे ढकललात, तर तीन-चार भरण्यांत तिथे चमकदार कडं दिसू लागतं. ते कडं म्हणजे केस तुटायची पूर्वसूचना. पेपरक्लिपचं टोक वाकवून केसच्या आतून बेल्टच्या वर घासून बघा. खाच लागली तर केस फेकून द्या. उपाय सोपा: पहिल्या बारानंतर डाय अशी लावा की खांदा फक्त दोन हजारांश इंच मागे जाईल. म्हणजे हेडस्पेस खांद्यावर येतो आणि बेल्ट नुसता दागिना उरतो. शिकारीला न्यायची काडतुसं मात्र नव्या केसमध्ये किंवा पूर्ण साइझ केलेल्या केसमध्येच भरा, आणि प्रत्येक काडतूस रायफलच्या चेंबरमधून एकदा फिरवून घ्या (हे करताना नळी सुरक्षित दिशेला, आणि शक्यतो फायरिंग पिन काढलेला बोल्ट).

क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीवर दाबणं, विसरू नका. या धक्क्यात मॅगझीनमधली काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात. गोळी केसमध्ये मागे सरकली की आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. गोळीच्या खाचेत, म्हणजे कॅनेल्युअरमध्ये, घट्ट क्रिंप हवाच. तपासायची रीत: एक खूण केलेलं काडतूस पेटीच्या तळाशी ठेवून वरून तीन-चार बार काढा आणि त्याची लांबी व्हर्नियरने मोजा. पाच हजारांशपेक्षा जास्त हलली असेल तर क्रिंप वाढवा किंवा केसचं तोंड घट्ट करा.

आता धक्का. सूत्र साधं आहे: (गोळीचं वजन × वेग + दारूचं वजन × ४,७००) भागिले ७,००० म्हणजे संवेग; त्याचा वर्ग भागिले (६४.४ × रायफलचं वजन पौंडांत). १० पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोच्या रायफलीला, दारूचं वजन ठोकळ धरून:

.३७५ एच अँड एच, ३०० ग्रेन, २,५३० फूट: सुमारे ३८ फूट-पौंड
.४०४ जेफ्री, ४०० ग्रेन, २,३०० फूट: सुमारे ५४
.४१६ रेमिंग्टन, ४०० ग्रेन, २,४०० फूट: सुमारे ५७
.४१६ रिग्बी, तीच गोळी, तोच वेग: सुमारे ६५
.४५८ लॉट, ५०० ग्रेन, २,३०० फूट: सुमारे ७४

रिग्बी आणि रेमिंग्टनची गोळी तीच, वेग तोच, तरी आठ फूट-पौंडांचा फरक. तो जास्तीच्या दारूचा. ती दारूसुद्धा नळीतून बाहेर पडते आणि तिचाही धक्का बसतो. तुमची .३३८ साधारण तिशीत असते, म्हणजे .४१६ ला दुपटीची तयारी ठेवा.

---

नागपुरी_नेमबाज

सूचना: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा विषय संपलेला आहे, त्यामुळे ‘मलाही अशी बांधून मिळेल का’ असं इथे विचारू नये. आपल्याकडच्या परवान्यावर .३१५ असली तरी पुष्कळ.

बाकी माझं मत रोखठोक: .३७५ ची नळी उतरवताच कशाला? ३०० ग्रेनची ५,७८० ज्यूल देते. झिंबाब्वेत रेडा, हत्ती, पाणघोड्यासाठी किमान ५,३०० ज्यूल आणि ९.२ मिलिमीटर लागतात, दोन्ही अटी पूर्ण. गोळी जगात कुठेही मिळते. ३८ फूट-पौंडांना माणूस नेम धरून मारू शकतो, ७४ ला डोळे मिटतो. रीबोअरचे पैसे काडतुसांत घाला आणि सराव करा, भाऊ.

---

जुना_माउझर

नागपूरकरांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, पण धाग्याचा विषय मोठा बोअर आहे, म्हणून .४०४ ची बाजू मांडतो. तिला नेहमी तिसऱ्या नंबरावर टाकतात आणि ते अन्यायाचं आहे.

१९०५ च्या सुमारास डब्ल्यू. जे. जेफ्री कंपनीने ती काढली. दुनळी रायफलीतल्या .४५०/४०० नायट्रो एक्स्प्रेसची ताकद स्वस्तातल्या बोल्ट ॲक्शनमध्ये मिळावी, हा हेतू. (ही .४५०/४०० आपल्याकडे वाघाच्या शिकारीत फार चालली. जिम कॉर्बेटकडेही त्याच बोअरची दुनळी होती.) मूळ लोड ४०० ग्रेन, २,१२५ ते २,१५० फूट. आज ऐकायला मिळमिळीत वाटतं, पण पूर्व आफ्रिकेतल्या शिकार खात्यांनी वर्षानुवर्षं याच रायफली वापरल्या आणि त्यांचं काम पिकं उद्ध्वस्त करणारे हत्ती मारण्याचं होतं. आताच्या दारूने २,३०० आरामात निघतात, तेही सीआयपीच्या ३,६५० बारच्या आत, म्हणजे ५३,००० पीएसआयच्या खाली. दाबात रिग्बीच्या जवळ, दारूच्या खर्चात रेमिंग्टनच्या जवळ.

तिचा सगळ्यात मोठा गुण तुलनेच्या तक्त्यात येतच नाही: ती तुपासारखी आत सरकते. लांब निमुळती केस, साडेआठ अंशांचा उतरता खांदा. रिग्बीचा खांदा ४५ अंशांचा आहे, चेंबरच्या कडेला अडखळू शकतो. बेल्ट नाही, त्यामुळे पेटीत काडतूस काडतुसात अडकत नाही.

वाईट गोष्टीही सांगतो. गोळी .४२३ ची, .४१६ ची नव्हे, त्यामुळे दुकानात निवड कमी. दुसरं, उतरत्या खांद्यामुळे हेडस्पेस नाजूक असतो, आणि जुन्या रायफलींची चेंबरं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून रीमर मागवताना ‘.४०४’ एवढंच लिहू नका; सीआयपीच्या मापाचा रीमर, त्याच मापाची डाय, आणि कारागिराला तुम्ही वापरणार त्या केस व गोळीची दोन डमी काडतुसं पाठवा. घसा, म्हणजे चेंबरच्या पुढचा मोकळा भाग, त्या गोळीवरून ठरू दे. तिसरं, पीळ, म्हणजे नळीतल्या खोबणींचा. जुन्या मंद पिळाच्या नळ्यांत आजच्या लांब तांब्याच्या गोळ्या नीट स्थिरावत नाहीत. १४ इंचांत एक फेरा मागा.

मॉडेल ७० वर काम फार नाही: बोल्टचं तोंड अकरा हजारांश मोठं, एक्स्ट्रॅक्टरच्या नख्याला कानस, पेटी बावीस हजारांश रुंद.

---

लेथवाला_प्रिटोरिया

जुना_माउझर, तीन ओळींत लिहिलंत ते खरं, पण त्या तीन ओळींचं बिल रीबोअरपेक्षा जास्त होईल. पेटी रुंद करायची म्हणजे रेल्सही नव्याने घडवायच्या. रेल्स एकदा जास्त कापल्या की परत आणता येत नाहीत. वेल्डिंग करून भरावं लागतं. .४०४ करावी, पण तिचा अनुभव असलेल्याकडूनच.

लॉटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. जॅक लॉटने .४५८ विंचेस्टरचं रडगाणं संपवायला ती १९७१ मध्ये काढली. विंचेस्टरची केस अडीच इंचाची; ५१० ग्रेनच्या गोळीमागे दारू दाबून भरावी लागायची, जाहिरातीतला वेग मिळायचा नाही, आणि दाबलेली दारू जुनी झाली की ढेकूळ होऊन कधी नीट पेटायची नाही. लॉटने केस २.८ इंचांची केली आणि प्रश्न मिटला. तिचा एक मोठा फायदा: लॉटच्या चेंबरमध्ये .४५८ विंचेस्टरची काडतुसं चालतात, सरावाला हलकी आणि मिळायला सोपी. नंतर चेंबरचा पुढचा भाग ब्रशने घासून काढा, नाहीतर तिथे काजळीचं कडं बसतं आणि लांब केस घट्ट होते. पण पहिलीच मोठी रायफल असेल तर लॉट नको. हत्तीच्या मागे जाणाऱ्या व्यावसायिकाला ती शोभते.

---

ह्यूस्टनकर

सर्वांचे आभार, इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. नागपूरकर, .३७५ चा मुद्दा पटतो, पण पुढे हत्तीचाही विचार आहे, म्हणून बोअर वाढवतोय. मॉडेल ७० आणि .४१६ रेमिंग्टन, रीबोअर करून, असं मन होतंय.

लेथवाले साहेब, कारागिराला द्यायची यादी सांगाल का? आणि रायफल हातात आल्यावर काय तपासू?

---

लेथवाला_प्रिटोरिया

यादी देतो. क्रम महत्त्वाचा नाही, पण एकही गाळू नका.

वजन: दुर्बिणीशिवाय सव्वाचार किलोच्या आसपास, दुर्बीण आणि काडतुसांसह पावणेपाच. याहून हलकी केलीत तर दुसरा बार उशिरा निघतो. नळी २३ इंच ठीक, २२ चालते. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) लावू नका. शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शकाच्या आणि माग काढणाऱ्यांच्या कानांचं वाटोळं होतं, आणि बरेच जण तशी रायफल सोबत घ्यायलाच नकार देतात.

दस्ता: या बोअरमध्ये सगळ्यात जास्त फुटतं ते लाकूड. नळीवर दुसरा रिकॉइल लग हवा, ॲक्शनच्या लगमागे आणि मॅगझीनमागे आडवे बोल्ट हवेत, आणि दोन्ही लग इपॉक्सीत पक्के बसलेले हवेत. टँगच्या, म्हणजे रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या, मागे मात्र लाकूड टेकता कामा नये. तिथे अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. कागदाची घडी सहज सरकली पाहिजे. फट नसेल तर धक्क्यात टँग पाचरीचं काम करते आणि मनगटाजवळ दस्ता उभा चिरतो. सीझेड घेणाऱ्यांनी हे तर पहिल्याच दिवशी करावं.

पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावर नको, नळीवरच्या पट्टीला हवी. दस्त्यावर असली की धक्क्यात डाव्या हाताची बोटं सोलते.

फ्लोअरप्लेटची कळ: धक्क्याने उघडून सगळी काडतुसं पायाशी सांडतात, हा या रायफलींचा ठरलेला आजार आहे. कळ कडक स्प्रिंगची असावी. ट्रिगर साधा, सुमारे दीड किलोचा. सीझेडमधला सेट ट्रिगर (पुढे ढकलला की अगदी हलका होणारा) धोकादायक जनावरासाठी काढून टाकावा, घाईत चुकून सेट होतो.

दुर्बीण १ ते ४ किंवा १.५ ते ५ पटीची, डोळ्यापासूनचं अंतर किमान ९० मिलिमीटर, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटलाच म्हणून समजा. माउंट हाताने सुटणारे. दुर्बीण काढल्यावर खालची लोखंडी दृष्टी ५० मीटरवर जुळवलेली पाहिजे, शिकारीच्याच लोडने. रीबोअरनंतर जुनी माशी जुन्या जागी लागेल अशी आशा ठेवू नका. कारागिराकडून वेगवेगळ्या उंचीच्या दोन माश्या घेऊन ठेवा. बार वर लागत असेल तर उंच माशी, खाली लागत असेल तर बुटकी.

तपासणी. बार काढण्याआधी डमी काडतुसं बनवा: प्राइमर नाही, दारू नाही, केसला आरपार भोक, आणि गोळी तीच जी शिकारीला नेणार. मऊ गोळीची एक पेटीभर आणि सपाट नाकाच्या सॉलिडची (न पसरणाऱ्या गोळीची) एक पेटीभर. सपाट नाकाची सॉलिड उतरणीवर हटकून अडखळते; गोल नाकाने सगळं सुरळीत चाललं म्हणून रायफल पास करू नका. पेटी भरा आणि बोल्ट सावकाश चालवा. मग झटक्यात. मग रायफल उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, उलटी धरून. शेवटचं काडतूस बघा, तेच उसळतं. मग बोल्ट अर्धा मागे घेऊन परत पुढे ढकला. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो. कंट्रोल्ड फीडमध्ये नखं काडतुसाची रिम पेटीतून वर येतानाच पकडतं, म्हणून अर्ध्यावर सोडलेलं काडतूसही बाहेर काढता आलं पाहिजे. नाही आलं तर रायफल परत.

---

केस_पितळेची

सरावाचं थोडं. टेबलावर बसून या रायफलीचे वीस-वीस बार काढू नका. जुळवणीपुरते पाच-सहा बार, तेही खांद्यावर वाळूची पिशवी ठेवून. रायफल घट्ट जखडणारं जड स्लेड वापरू नका: रायफलीला मागे सरकायला जागा उरली नाही की तो सगळा ताण दस्त्यावर आणि दुर्बिणीच्या आतल्या रिंगांवर जातो. खरा सराव तीन पायांच्या काठ्यांवर, उभ्याने, ५० ते ७० मीटरवर. एक बार, बोल्ट, दुसरा बार. मोपानीच्या झाडीत अंतरं अशीच असतात.

धक्का जास्त वाटत असेल तर .४१६ मध्ये ३५० ग्रेनची तांब्याची टीएसएक्स गोळी २,५०० फुटांनी बघा. वरच्या सूत्राने ५७ वरून ५० वर येतं आणि ऊर्जा तरीही ६,५०० ज्यूलच्या वर राहते. रेड्याला ती पुरते. हत्तीला नाही, तिथे ४०० ग्रेनची सॉलिडच. पेटीत पहिलं काडतूस बाँडेड मऊ किंवा तांब्याच्या गोळीचं आणि खाली सॉलिड, ही जुनी रीत अजून चालते. कळपात मात्र सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला लागते, हे मार्गदर्शकाशी आधी बोलून घ्या. आणि दोन्ही गोळ्या ५० मीटरवर तीन इंचांच्या आत एकत्र लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर सॉलिडचा वेग थोडा वरखाली करून बघा.

जुळवणी: १०० यार्डावर सुमारे अडीच इंच वर ठेवलीत तर २०० यार्डावर शून्याच्या आसपास येते. रेड्यासाठी त्याची गरज नाही, १०० वर दीड इंच वर पुरे.

---

जुना_माउझर

कागदपत्रांचं राहिलं. अमेरिकेतून निघण्याआधी कस्टम्सकडून सीबीपी ४४५७ फॉर्मवर रायफल आणि दुर्बिणीचे क्रमांक नोंदवून शिक्का घ्या, परत येताना तोच पुरावा. जोहान्सबर्गला उतरून सामान ताब्यात घेणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा तात्पुरता परवाना, एसएपीएस ५२०. विमानात काडतुसांना माणशी पाच किलोची मर्यादा, वेगळ्या कुलूपबंद डब्यात. चाळीस काडतुसं आरामात बसतात.

आणि केसच्या बुडावरचा ठसा रायफलीवर कोरलेल्या नावाशी जुळला पाहिजे. हे भरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या केसला तोंड वाढवून बनवलेली काडतुसं घरच्या रेंजवर उत्तम चालतात, पण सीमेवरचा पोलीस बुडावरचा आकडा वाचतो आणि परवान्याशी ताडून बघतो. रीबोअर करताय, म्हणजे नळीवर जुनं ‘.३७५ एच अँड एच मॅग्नम’ कोरलेलं असेल. ते खोडून ‘.४१६ रेमिंग्टन मॅग्नम’ स्पष्ट कोरून घ्या, आणि फॉर्मवर अक्षरशः तेच लिहा.

---

ह्यूस्टनकर

हे कोरण्याचं डोक्यातच नव्हतं. सध्याच्या नळीचा तोंडाजवळचा व्यास मोजून उद्या टाकतो, रीबोअरला पुरेल का ते सांगा.

---

लेथवाला_प्रिटोरिया

टाका. तोंडाजवळचाच नको, मागच्या दृष्टीच्या स्क्रूंची भोकं किती खोल आहेत तेही मोजा. .३७५ मध्ये वाचलेली भोकं .४१६ ला पातळ पडतात, आणि तसं असेल तर रीबोअर विसरून नवी नळीच लावावी लागेल.